‘अलिबागसे आया है क्या?’ : दरोड्याच्या विनोदी सिनेमात येडा नेमका कोण असतो?

मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. ‘विषय सापडलाय, पण प्रश्न सापडत नाही, काय करू?’ आज त्याचं उत्तर माझ्याच फजितीतून देते. पोस्ट जरा लांब आहे. चार सिनेमांचे शेवटही उघडे करणार आहे, तेव्हा ज्यांनी ‘जॉनी गद्दार’ आणि ‘अंधाधुन’ पाहिले नसतील त्यांनी आधी ते बघून या. खरंच. मी थांबते.

पीएच.डी.च्या प्रवेशाची मुलाखत होती. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. माझा विषय होता ‘दरोडा आणि दगाबाजी यांवरचे विनोदी चित्रपट’. समोरच्या पॅनेलवरच्या एकांनी माझ्या अर्जावरचा पत्ता वाचला, हसले आणि म्हणाले, ‘अच्छा, म्हणजे तुम्ही खरोखरच अलिबागहून आलात!’ बाकीचेही हसले. मीही हसले. मांडव्याच्या बोटीत बसल्यावर मात्र डोकं तापलं आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत मनात प्रबंधाचं शीर्षक तयार झालं होतं : ‘हिंदी सिनेमातील अलिबागची बदनामी’.

हे शीर्षक माझ्या गाईडनी दोन मिनिटांत बाद केलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, ‘ही तक्रार आहे. तक्रार खरी असू शकते. पण उत्तर आधीच माहीत असेल तर संशोधन कशाला करतेस?’

तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं, तिथूनच काम सुरू झालं.

तक्रारीचं काय होतं

ही तक्रार करणारी मी पहिली नाही. ‘अलिबागसे आया है क्या?’ हा शेरा अपमानकारक आहे, तो सिनेमात वापरू देऊ नये, सेन्सॉर बोर्डाला तसे आदेश द्यावेत, अशी याचिका अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात केली होती. जुलै २०१९मध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की विनोद सगळ्याच समाजांवर होतात, संता-बंतावर होतात, दक्षिणेकडच्यांवर होतात, उत्तरेकडच्यांवर होतात. मनाला लावून घेऊ नका, मजा घ्या.

बंदी नको, हे मलाही पटतं. पण ‘सगळ्यांवरच होतात’ हे विश्लेषण म्हणून अपुरं आहे. न्यायालयाने विश्लेषण करावं अशी अपेक्षाही नाही, ते आपलं काम. एखादा विनोद एखाद्याच गावाला का चिकटतो? आणि चिकटल्यावर तो त्या गावाबद्दल नेमकं काय म्हणत असतो?

अक्कल हा मुद्दा घेतला तर हा शेरा टिकत नाही. कान्होजी आंग्र्यांनी वसवलेलं हे गाव. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या विजेने मोजमापं बिघडली असती. म्हणजे मुंबईच्या गोंगाटात जे मोजता येत नव्हतं ते मोजायला शास्त्रज्ञ आमच्याकडे आले. आणि आता मुंबईतल्या शहाण्यांना शनिवार-रविवारसाठी बंगला हवा असतो तो कुठे, हे मांडवा जेट्टीवर उभं राहिलं की कळतं.

पण हे सगळं मी गाईडना ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तू अजून बचावच करते आहेस. तो शेरा कोण, कोणाला आणि कधी मारतो ते बघ.’

हा पहिला धडा लिहून ठेवा. एखादी गोष्ट टोचली तर ती खोटी आहे हे सिद्ध करायला धावू नका. ती कोणत्या प्रसंगात वापरली जाते ते बघा.

मी बघितलं. ओळखीच्यांना विचारलं, सिनेमे बघितले. हा शेरा गणित न येणाऱ्याला कोणी मारत नाही. तो मारतात रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं न विचारता देणाऱ्याला. उधार परत मिळेल असं समजणाऱ्याला. ‘तो म्हणाला ना, मग करेल’ असं म्हणणाऱ्याला. थोडक्यात, शेऱ्याचा अर्थ ‘तुला अक्कल नाही का’ यापेक्षा ‘तू अजून विश्वास ठेवतोस का’ याच्या जवळचा आहे.

हे सापडलं आणि मग दरोड्याचे सिनेमे मला पुन्हा पहिल्यापासून बघावे लागले.

दरोडा म्हणजे विश्वासाचा धंदा

या जातीच्या सिनेमाचा सांगाडा सगळ्यांना पाठ आहे. चार-पाच जण जमतात, मोठा हात मारायचं ठरतं, माल मिळतो, आणि मग वाटणीच्या आधी एकेक जण दुसऱ्याला टोपी घालायला लागतो. आपल्याकडे या कामासाठी शब्दांची चंगळ आहे. शेंडी लावणे, टोपी घालणे, चुना लावणे, मामा बनवणे, हातावर तुरी देणे. आणि ‘बनवणे’ तर खासच. स्वयंपाकही बनवतात आणि माणसालाही बनवतात.

पण एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. चोरांच्या टोळीत करारपत्र नसतं, पावती नसते, कोर्टात जायची सोय नसते. म्हणून चोराला सज्जन माणसापेक्षा जास्त विश्वास ठेवावा लागतो. बँकेत पैसे ठेवताना मी मॅनेजरवर विश्वास ठेवत नाही, कायद्यावर ठेवते. चोराकडे तो पर्यायच नाही. दगाबाजी होते ती या फटीतून.

श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ (२००७) हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. पाच भागीदार पैसे गोळा करतात, अडीच कोटींची बॅग तयार होते, आणि ती बॅग घेऊन शिवा मुंबईहून बंगळुरूच्या गाडीत बसतो. सगळ्यात तरुण भागीदार विक्रम ती बॅग वाटेत लांबवायचं ठरवतो. ही युक्ती त्याला सुचते ‘परवाना’ हा जुना सिनेमा बघून. रक्त न सांडता काम होणार असतं. पण शिवा त्याला ओळखतो आणि तिथून एकामागून एक माणसं मरायला लागतात.

गद्दार कोण हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं. त्यामुळे ‘कोणी केलं?’ हा प्रश्नच उरत नाही. आपण बसलेले असतो विक्रमच्या शेजारी, त्याच्या घामासकट. दयानंद शेट्टींचा शिवा, धर्मेंद्र यांचा शेषाद्री, विनय पाठक यांचा प्रकाश यांच्याकडे आपण विक्रमच्या नजरेतून बघतो, आणि लाज वाटावी इतक्या सहजपणे मनात येतं, ‘अरे, याला अजून कळलं कसं नाही? अलिबागसे आया है क्या?’

म्हणजे तो शेरा मी स्वतः मारत होते, माझ्याच गावचा. प्रबंधाच्या दृष्टीने ही माझी पहिली खरी नोंद. हा सिनेमा प्रेक्षकाला गद्दाराच्या बाजूने बसवतो, आणि तिथे बसल्यावर विश्वास ठेवणारा माणूस येडा दिसायला लागतो. शेषाद्री येडा नाही. तो टोळीतला सगळ्यात मुरलेला माणूस आहे, त्याला खरं काय ते कळतंसुद्धा. पण पोरावर माया आहे. त्या मायेची किंमत तो देतो.

पहिलं गृहीतक, आणि ते फार छान जुळलं म्हणून आलेली शंका

यातून मी एक गृहीतक मांडलं : *या सिनेमांत स्वतःला हुशार समजणारा शेवटी येडा ठरतो आणि ज्याला सगळे येडा समजतात तो तरतो.*

तपासायला बाहेरचा नमुना घेतला ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ (१९८८). चार्ल्स क्रायटन यांनी दिग्दर्शित केलेला, जॉन क्लीझ यांनी लिहिलेला. लंडनमध्ये हिऱ्यांचा दरोडा पडतो आणि टोळीतले लोक एकमेकांना बनवायला बसलेले असतात. त्यातला ओटो, म्हणजे केविन क्लाइन, स्वतःला तत्त्वज्ञ समजतो. त्याला कोणी मूर्ख म्हटलेलं खपत नाही. आणि तो सिनेमातला सगळ्यात मोठा मूर्ख आहे. या भूमिकेसाठी क्लाइन यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. उलट केन, ज्याच्या तोतरेपणाची ओटो सतत टर उडवतो, तोच शेवटी रोड रोलर घेऊन ओटोवर चाल करून जातो.

‘जॉनी गद्दार’लाही गृहीतक बसलं. विक्रमने सगळ्यांना चकवलं, पण त्याचा शेवट होतो वर्षाच्या हातून. वर्षा ही प्रकाशची बायको. पाच जणांच्या त्या खेळात तिला कोणी मोजलेलंच नव्हतं. नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायला ती गोळी घालते शार्दूलला, असं तिला वाटतं, आणि पुढे असतो विक्रम. गद्दाराला शिक्षा मिळते ती गैरसमजातून. त्याच्या हुशारीला हरवायला कोणी जास्त हुशार यावं लागलंच नाही.

दोन्हीकडे गृहीतक चपखल. मी खूश. गाईडनी विचारलं, ‘न बसणारा सिनेमा शोधलास का?’

दुसरा धडा. गृहीतक पहिल्या दोन उदाहरणांत छान बसलं की तिसरं उदाहरण मुद्दाम असं घ्या जे ते मोडेल. आपल्या आवडीचं उदाहरण घेऊ नका.

अंधाधुन : सखू आणि खोट्या नोटा

‘अंधाधुन’ (२०१८) पुण्यात घडतो. दिग्दर्शक तेच. मूळ बीज एका फ्रेंच लघुपटाचं. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक एक खून बघतो आणि बघितलं नाही असं दाखवत राहतो. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटासह तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि त्याच्यावर भरपूर लिहून झालंय. पण बहुतेक लेख सिमी आणि आकाश यांच्याभोवती फिरतात. मला बोलायचंय सखूबद्दल.

सखू लॉटरीची तिकिटं विकते. छाया कदम यांनी ती भूमिका केली आहे. ती, रिक्षावाला मुरली आणि डॉक्टर स्वामी मिळून बेवारस माणसांचे अवयव विकण्याच्या धंद्यात आहेत. आकाश त्यांच्या तावडीत सापडतो, पैशाचं आमिष दाखवून सुटतो, आणि मग सगळे मिळून सिमीला ओलीस धरून पोलिस इन्स्पेक्टर मनोहरकडून एक कोटी उकळायचा बेत करतात. इथून सिनेमा आपल्या विषयात येतो. भागीदारी झाली की दगा आलाच. मुरली आणि सखू आकाशलाही सिमीबरोबर बांधून ठेवतात आणि पैसे स्वतःच घ्यायला जातात. तिथे मुरलीला गोळी लागते, लिफ्टमध्ये अडकलेला मनोहर स्वतःच्याच गोळीने मरतो. मुरली जगत नाही. आणि सखूच्या हातात येतात त्या नोटा खोट्या निघतात.

आता माझं गृहीतक लावून बघा. मुरली आणि सखू यांना सगळे किरकोळ समजतात. गृहीतकाप्रमाणे त्यांनी तरायला हवं. पण तसं होत नाही. लॉटरी विकणाऱ्या बाईला खोट्या नोटा मिळाव्यात हा विनोद कडू आहे, आणि चांगला आहे. पण मुरली गेल्यावर सखूच्या दुःखाला किती जागा मिळते ते पाहा. सिमीच्या लोभाला सिनेमा सुंदर फ्लॅट देतो, खेकडे शिजवायला वेळ देतो, तिच्या डोक्यात काय चाललंय ते चेहऱ्यावर वाचायला भरपूर क्लोजअप देतो. सखूचा लोभ चटकन येतो, चटकन संपतो, आणि कथा पुढे निघून जाते. छाया कदम यांनी मिळालेल्या थोड्या वेळात त्या बाईचा संसार दिसेल इतकं काम केलंय, ते त्यांचं.

मराठी कानाला आणखी एक गोष्ट ऐकू येते. सखू म्हटलं की आपल्याला संत सखू आठवते. सासरच्यांनी खांबाला बांधलेली, आणि तिच्या जागी विठ्ठल स्वतः बांधून घेतो ती. प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१) याच पुण्यात झाला. ‘अंधाधुन’ची सखू दुसऱ्यांना बांधते, आणि तिच्या जागी उभा राहायला कोणी येत नाही. दिग्दर्शकाने हे मनात धरून नाव ठेवलं असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. वाचकाच्या मनात काय उमटतं एवढंच मी म्हणू शकते. (तिसरा धडा कंसातच देते : ‘लेखकाला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा.)

गृहीतक मोडलं. मग केनकडे परत गेले, आणि तेही वाटलं तितकं सरळ नव्हतं. शेवटी केन जिंकतो खरा, पण दोन तास प्रेक्षक हसलेले असतात ते त्याच्या अडखळण्यावर. तोतरं बोलणाऱ्या अनेकांना तो सिनेमा लागला. दुसऱ्या बाजूला, केनची भूमिका करणारे मायकल पेलिन यांचे वडीलच तोतरे होते, आणि पुढे १९९३मध्ये लंडनमध्ये तोतरेपणावर उपचार करणारं केंद्र पेलिन यांच्या नावाने सुरू झालं. मग हा सिनेमा तोतऱ्या माणसाच्या बाजूचा की विरुद्धचा? ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कथा केनला न्याय देते आणि हसू मात्र त्याच्याकडून वसूल करते. दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

सुधारलेला प्रश्न

म्हणून प्रश्न बदलला. आता तो असा आहे : *दगाबाजीच्या विनोदात विश्वास ठेवणाऱ्या माणसाला येडा कोण ठरवतं, आणि कथा कोणाचा येडेपणा पुसून टाकते, कोणाचा तसाच ठेवते?*

यासाठी प्रत्येक दग्याच्या प्रसंगापुढे मी वहीत चार रकाने आखते. तुम्हालाही उपयोगी पडतील :

१. विश्वास कोणी ठेवला, आणि कशाच्या भरवशावर?
२. दगा होणार हे प्रेक्षकाला आधी कळतं की नंतर?
३. हसू कोणावर येतं?
४. किंमत कोण मोजतं?

यातला दुसरा रकाना फार बोलका निघाला. आधी कळलं की आपण दगाबाजाचे साथीदार. नंतर कळलं की आपणच बकरा.

हे चार रकाने मी ‘अशी ही बनवाबनवी’ला लावून पाहिले. तोही १९८८चाच, ‘वाँडा’च्याच वर्षीचा. दरोडा नाही, पण बनवणं पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुण्यात जागा मिळावी म्हणून दोघं बायका बनतात आणि लीलाबाई काळभोरांच्या घरात राहतात. प्रेक्षकाला सगळं आधीपासून माहीत असतं, म्हणजे आपण साथीदार. विश्वास ठेवतात लीलाबाई. पण हसू त्यांच्यावर कमी आणि बनवणाऱ्यांच्या तारांबळीवर जास्त येतं. शेवटी बनवणारे उघडे पडतात, माफी मिळते, आणि बाईंचा विश्वास वेडेपणा ठरत नाही. ज्याने विश्वास ठेवला त्याची इभ्रत राखून विनोद करता येतो, हे या सिनेमाने चाळीस वर्षं होत आली तरी रोज टीव्हीवर दाखवून दिलंय. तिथे भूक पैशाची नव्हती, डोक्यावर छप्पर हवं होतं. त्यामुळे हे जमलं का? हा माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्न आहे, अजून उत्तर नाही.

आणि शेवटचा बकरा

‘अंधाधुन’ची गोष्ट आपल्याला सांगतो कोण? आकाश. कोबीच्या शेतातल्या सशापासून पुढचं काय आणि कसं झालं, हे युरोपात सोफीला सांगताना तो म्हणतो तसं आपण धरून चालतो. आणि मग जाता जाता तो हातातल्या काठीने वाटेतला डबा अचूक उडवतो. त्या एका फटक्यात सोफीबरोबर आपणही बनलेलो असतो. कुठपर्यंतचं खरं होतं? आपण का विश्वास ठेवला?

‘जॉनी गद्दार’मध्ये मी विक्रमच्या शेजारी बसून शेषाद्रीला येडा म्हटलं होतं. अकरा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने मला शेषाद्रीच्या खुर्चीत बसवलं. आणि खरं सांगायचं तर त्या खुर्चीतून सिनेमा जास्त आवडला. पहिल्या मिनिटापासून प्रत्येकावर संशय घेत बसणाऱ्याला हा सिनेमा बघताच येणार नाही. फसायची तयारी ठेवूनच तिकीट काढावं लागतं.

त्या मुलाखतीतल्या सरांबद्दल आता राग नाही. त्यांनी केलेला विनोद जुना होता, एवढंच. प्रवेश मिळाला, प्रबंध चालू आहे, आणि पत्ता अजून तोच आहे.

पुढच्या पोस्टमध्ये चार रकान्यांची वही प्रत्यक्ष कशी भरायची ते एका प्रसंगावर करून दाखवेन. तोपर्यंत तुम्हाला टोचलेला एखादा शेरा, एखादी म्हण, एखादा विनोद घ्या आणि तो कोण, कोणाला, कधी मारतं याच्या दहा नोंदी करा. दहाच. अकराव्या नोंदीला प्रश्न सापडेल असं वचन देत नाही. पण मला तेराव्याला सापडला होता.